पोकळ डबा आणि गाळलेली अट

बारावीत शिकणाऱ्या कुणाही हुशार मुलाला किंवा मुलीला विचारून बघा, "पोकळ सुवाहकाच्या आत विद्युतक्षेत्र किती?" तुमचा प्रश्न पुरता संपायच्या आत उत्तर येईल, "शून्य!" मग जरा थांबा आणि दुसरा प्रश्न टाका. "आणि त्या पोकळीत मी एक चार्ज टांगून ठेवला तर?" इथे दोनपैकी एक गोष्ट होते. काही जण तितक्याच तत्परतेने म्हणतात, "तरी शून्यच. गाऊसचा नियम." काही जण गप्प होतात आणि छताकडे बघायला लागतात. खरं तर उत्तर द्यायला पुस्तक लागत नाही. चार्ज आहे म्हणजे त्याच्या आजूबाजूला क्षेत्र असणारच. तो धातूच्या डब्यात बसला म्हणून स्वतःचा धर्म कसा सोडेल?

गंमत अशी की बहुतेक पाठ्यपुस्तकांत हे वाक्य बरोबरच छापलेलं असतं. "पोकळीत चार्ज नसेल तर पोकळीतलं क्षेत्र शून्य असतं." पण पिवळा हायलायटर फिरतो तो 'शून्य' या शब्दावर. 'नसेल तर' हे दोन शब्द तसेच पांढरे राहतात. मग क्लासच्या नोट्समध्ये वाक्य आखूड होतं, मित्राच्या वहीत आणखी आखूड होतं, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री उरतं ते एवढंच: पोकळ = शून्य.

माझं म्हणणं असं आहे की या विषयातलं खरं भौतिकशास्त्र त्या गाळलेल्या अटीतच आहे. आणि ती अट गळू नये असं वाटत असेल, तर हा धडा सूत्राने सुरू न करता एका बादलीने सुरू करायला हवा. कोणती बादली, ते पुढे येईलच. आधी डब्यात काय घडतं ते बघू.

जाड भिंतीचा एक पोकळ धातूचा गोळा घ्या. त्याच्यावर स्वतःचा असा काहीही चार्ज नाही. आत, भिंतीला न लागेल अशा बेताने, एक धन चार्ज दोऱ्याने टांगला. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन भरपूर. त्यांना आतला धन चार्ज खुणावतो आणि ते आतल्या पृष्ठभागाकडे सरकतात. किती सरकतात? धातूच्या अंगातलं, म्हणजे भिंतीच्या जाडीतलं क्षेत्र पुरतं शून्य होईपर्यंत. तोवर त्यांना स्वस्थता नाही. हा सगळा हिशोब डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी उरकतो. शेवटी आतल्या पृष्ठभागावर टांगलेल्या चार्जइतकाच ऋण चार्ज जमा झालेला असतो. गोळा मुळात उदासीन होता, तेव्हा इलेक्ट्रॉन आत गेले म्हणजे बाहेरच्या पृष्ठभागावर तेवढीच तूट पडली. म्हणजे बाहेर तेवढाच धन चार्ज. इथपर्यंत गाऊसचा नियम आपल्याला बोट धरून आणतो.

आता तो टांगलेला चार्ज मध्यावरून हलवा. केंद्र आणि भिंत यांच्या बरोबर निम्म्या अंतरावर आणा. आतल्या भिंतीवरचा ऋण चार्ज आता सगळीकडे सारखा पसरलेला राहत नाही. जवळच्या बाजूला त्याची दाटी होते, लांबच्या बाजूला तो विरळ होतो. दाटी किती? हिशोब केला तर जवळच्या टोकाला चार्जची घनता लांबच्या टोकाच्या २७ पट निघते. दीडपट नाही, दुप्पट नाही, २७ पट! लांबच्या टोकाचं अंतर जवळच्याच्या तिप्पट आहे, आणि इथे त्या तीनचा घन येतो. (तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस.)

शिवाय टांगलेल्या चार्जला त्या जवळच्या भिंतीकडे ओढही लागते. गोळ्याची आतली त्रिज्या १० सेंटिमीटर आणि चार्ज १० नॅनोकूलोम धरला, तर ही ओढ साधारण ८ मिलिग्रॅम वजनाएवढी भरते. तांदळाच्या दाण्याहूनही हलकी, पण आहे. म्हणजे 'पोकळीत क्षेत्र शून्य, म्हणून चार्जवर बल शून्य' हे वाक्य दोनदा चुकलं. बल फक्त बरोबर केंद्रावर शून्य असतं, आणि तेही असं की केसभर हललं की चार्ज त्याच बाजूला आणखी ओढला जातो. डोंगराच्या टोकावर तोलून ठेवलेल्या गोट्यासारखी अवस्था.

आत एवढी उलथापालथ झाली. आता बाहेर जाऊन बघा. बाहेरच्या पृष्ठभागावर काय बदललं?

काहीच नाही.

बाहेरचा धन चार्ज पहिल्याइतकाच, आणि पहिल्याइतकाच एकसारखा पसरलेला. तुम्ही आतला चार्ज वर न्या, खाली न्या, भिंतीपासून एका मिलिमीटरवर आणा. बाहेर उभ्या माणसाला वाटेल की चार्ज अगदी केंद्रावर शांत बसलाय. पोकळी वाकडीतिकडी असली, बटाट्यासारखी असली, तरी बाहेरून गोल असलेल्या गोळ्याचं बाहेरचं क्षेत्र तसंच सरळ आणि गोल राहतं. मला विचाराल तर बारावीच्या पूर्ण अभ्यासक्रमात याच्याइतकी थक्क करणारी गोष्ट दुसरी नाही. आणि ती बहुतेकांच्या हातून न थांबता निसटून जाते.

हे का होतं, याचं कारण नुसता गाऊसचा नियम देत नाही, हेही सांगायला हवं. गाऊसचा नियम एकूण किती ते सांगतो. कुठे आणि कसं पसरलं ते सांगत नाही. खरं कारण त्या भिंतीच्या जाडीत आहे. तिथे क्षेत्र शून्य. म्हणजे आतला टांगलेला चार्ज आणि आतल्या पृष्ठभागावरचा ऋण चार्ज, या दोघांनी मिळून आपला हिशोब आपसात असा मिटवलेला असतो, की धातूत आणि धातूपलीकडे त्यांचा एकत्रित परिणाम शून्य. बाहेरच्या पृष्ठभागावरच्या चार्जला आतलं काही ऐकूच येत नाही. त्याला एवढंच ठाऊक की आपण इतके इतके आहोत आणि आपल्याला या पृष्ठभागावर अशा तऱ्हेने पसरायचं आहे, की आपल्यामुळे धातूत क्षेत्र निर्माण होणार नाही. गोलावर असं पसरण्याची एकच रीत आहे, एकसारखं पसरण्याची. घरातल्या भांडणाचा आवाज जाड भिंतीतून बाहेर येत नाही, पण घरात माणसं किती हे दाराबाहेरच्या चपलांवरून कळतं, तसलाच हा प्रकार.

या चपलांच्या जोडाकडे मात्र नीट लक्ष द्या. कारण इथेच दुसरा गैरसमज दबा धरून बसलेला असतो. "धातूचा डबा आतलं बाहेर आणि बाहेरचं आत जाऊ देत नाही" असं सर्रास म्हटलं जातं. अर्धं खरं आहे. बाहेरचं आत जात नाही, हे खरं. तुम्ही बाहेर कितीही मोठा चार्ज आणा, पोकळीत त्याचा मागमूस लागत नाही. पण आतलं बाहेर? आतला चार्ज कुठे आहे हे लपतं, किती आहे हे लपत नाही. १० नॅनोकूलोमचा चार्ज डब्यात ठेवला तर केंद्रापासून २० सेंटिमीटरवर, डब्याच्या बाहेर, क्षेत्र भरतं दर मीटरला सुमारे २,२५० व्होल्ट. डबा नसता आणि चार्ज केंद्रावर असता, तरी तेवढंच भरलं असतं. डब्याने लपवलं काय? फक्त पत्ता. एकूण रक्कम चव्हाट्यावरच आहे.

तीही लपवायची असेल तर डबा अर्थ करावा लागतो. एक तार जमिनीला जोडली की बाहेरच्या पृष्ठभागावरचा धन चार्ज जमिनीतून आलेल्या इलेक्ट्रॉनांनी भरून निघतो आणि बाहेर खरोखरच सामसूम होते. आतल्या भिंतीवर मात्र ढिम्म फरक पडत नाही. तिथली २७ पट दाटी जिथल्या तिथे. म्हणजे अर्थिंगची तार आतल्यासाठी नसतेच, ती बाहेरच्यांच्या शांततेसाठी असते. 'पोकळ = शून्य' एवढंच पाठ केलेल्याला ही तार कशासाठी, हा प्रश्नच पडत नाही. आणि प्रश्न पडला नाही की उत्तर सांगून उपयोग नसतो.

आता थोडं खोलात. मी वर भिंत, आवाज, लपवणं असे शब्द वापरले. समजायला बरे आहेत, पण त्यांच्यात एक खोट आहे. धातू कुणालाही अडवत नाही. छत्री पाऊस अडवते तसं इथे काही होत नाही. बाहेरचा चार्ज आतल्या चार्जवर जे बल लावतो, ते धातूतून सरळ आरपार जातं, डबा नसता तर जेवढं लागलं असतं तेवढंच. फक्त त्याच वेळी डब्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावरचे चार्ज असे मांडले जातात, की त्यांचं बल बरोबर उलटं आणि बरोबर तेवढंच येतं. बेरीज शून्य. अडवणूक नाही, वजाबाकी आहे.

हे ध्यानात आलं की परीक्षकांचा एक लाडका प्रश्न सहज सुटतो. गोल पोकळीच्या मध्यावर एक चार्ज आहे, डब्याबाहेर दुसरा आहे. आतल्यावर एकूण बल शून्य, बाहेरच्यावर मात्र शून्य नाही. मग न्यूटनचा तिसरा नियम कुठे गेला? कुठे जाईल बिचारा! आतला बाहेरच्यावर आणि बाहेरचा आतल्यावर जे बल लावतात ते आजही समान आणि विरुद्ध आहे. फरक पडला तो डब्यावरच्या चार्जच्या वाट्यामुळे. आतल्याच्या बाबतीत डब्याने सगळ्याची भरपाई केली. बाहेरच्याला आतल्याकडून येणारं बल आतल्या भिंतीच्या चार्जने फेडलं, पण बाहेरच्या पृष्ठभागाचा चार्ज त्याला भिडायला उरलाच. ज्याच्या डोक्यात डबा म्हणजे 'भिंत' आहे, तो इथे अडकतो. ज्याच्या डोक्यात वजाबाकी आहे, तो दोन मिनिटांत मोकळा होतो.

गुरुत्वाकर्षणाला असा डबा का बनवता येत नाही, तेही यातूनच कळतं. वजाबाकी करायला उलट्या चिन्हाचं काही तरी हवं. ऋण वस्तुमान नावाची चीज आपल्याला कुठे सापडलेली नाही. म्हणून लोखंडाच्या बंद खोलीत बसलात तरी वजनकाटा तेच दाखवणार.

वजाबाकी म्हटली की पुढचा प्रश्न येतो: ती इतकी काटेकोर कशी जमते? थोडं इकडे-तिकडे का होत नाही? उत्तर असं, की दोन चार्जमधलं बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं म्हणून. घातांक बरोबर २ असेल तरच ही बेरीज पूर्ण शून्य येते. २.०१ असता तर पोकळीत थोडं तरी क्षेत्र झिरपलं असतं. म्हणजे डब्यातलं शून्य हे नुसतं एका नियमाचं उपफळ नाही. त्या नियमाची ती सगळ्यात कडक परीक्षा आहे.

आणि इतिहासातही गोष्ट याच वाटेने गेली. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७५५ च्या सुमाराला चार्ज केलेल्या चांदीच्या भांड्यात दोऱ्याला बांधलेला बुचाचा गोळा सोडला होता. बाहेरून भांडं त्याला जोरात ओढायचं, आत मात्र ढुंकूनही बघायचं नाही. असं का, हे त्यांना उमगलं नाही. त्यांच्या सांगण्यावरून इंग्लंडमध्ये जोसेफ प्रिस्टली यांनी तो प्रयोग डिसेंबर १७६६ मध्ये पुन्हा केला आणि १७६७ साली छापलेल्या आपल्या विजेच्या इतिहासावरच्या ग्रंथात एक तर्क मांडला. न्यूटनने दाखवलं होतं की पोकळ गोल कवचाच्या आत कवचाचं गुरुत्वाकर्षण शून्य असतं, कारण ते बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात आहे. मग भांड्यात विजेची ओढ नाही, याचा अर्थ विजेचाही नियम तोच असणार! अंतर मोजलं नाही, बल मोजलं नाही, फक्त 'आत काही होत नाही' एवढ्यावरून नियम ओळखला. कूलोम यांनी पिळाच्या तराजूवर हे बल मोजलं ते त्यानंतर, १७८५ साली.

मधल्या काळात हेन्री कॅव्हेंडिश नावाच्या अबोल माणसाने, १७७२-७३ मध्ये, हीच कल्पना मापात बसवली. एक फूटभर व्यासाचा गोळा, त्याच्याभोवती थोड्या मोठ्या दोन अर्धगोलांचं कवच, दोघांमध्ये एक तार. कवचाला चार्ज दिला, तार काढली, कवच उघडलं आणि आतल्या गोळ्यावर काही आलंय का ते तपासलं. काही नाही. आपल्या उपकरणाला किमान किती चार्ज कळू शकतो याचा विचार करून त्यांनी सांगितलं की घातांक २ पेक्षा फार तर एक-पन्नासांशाने वेगळा असेल. सांगितलं म्हणजे वहीत लिहून ठेवलं, छापलं नाही. ते जगापुढे नीट आलं मॅक्सवेल यांनी ती टिपणं संपादित करून १८७९ साली प्रसिद्ध केली तेव्हा. मॅक्सवेल यांच्या प्रयोगशाळेत तोच प्रयोग सुधारून केल्यावर ती मर्यादा २१,६०० व्या भागापर्यंत आली. पुढे १९३६ साली प्लिम्प्टन आणि लॉटन यांनी ती अब्जांशापर्यंत नेली. १९७१ साली विल्यम्स, फॅलर आणि हिल यांच्या प्रयोगानंतर आपण म्हणू शकतो की दशांशचिन्हानंतर १५ स्थानांपर्यंत तो घातांक २ च आहे. हे सगळे प्रयोग कशावर उभे आहेत? रिकाम्या डब्यात काही सापडलं नाही, यावर! दोनशे वर्षं माणसं रिकाम्या डब्यात आणखी बारीक डोळ्यांनी बघत राहिली आणि 'काही नाही' हे उत्तर दरवेळी अधिक पक्कं होत गेलं. आपली मुलं मात्र ते 'शून्य' एका ओळीत लिहून दोन मार्क घेतात आणि पान उलटतात.

आता बादलीकडे येतो. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. गणित जवळजवळ नाहीच. १८३६ साली त्याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १२ फूट लांब, १२ फूट रुंद आणि १२ फूट उंच असा लाकडी सांगाडा केला, त्याला तारा आणि धातूचा पत्रा लावला आणि स्वतः आत जाऊन बसला. बाहेर मोठमोठ्या ठिणग्या उडत होत्या. आत त्याच्या पेटत्या मेणबत्त्यांना आणि विद्युतदर्शीला त्याची खबरही नव्हती. 'फॅरडेचा पिंजरा' म्हणून हे सगळ्यांना ठाऊक असतं. ही झाली अटीची पहिली बाजू, आत चार्ज नाही तेव्हाची.

दुसरी बाजू १८४३ मधली, आणि ती फार कमी जणांना ठाऊक असते. त्याने बर्फ ठेवायची एक साधी बादली घेतली, कथलाच्या मिश्रधातूची, साडेदहा इंच उंच आणि सात इंच व्यासाची. ती चार्ज वाहू न देणाऱ्या बैठकीवर ठेवली आणि बाहेरून एका सुवर्णपत्र विद्युतदर्शीला जोडली. मग रेशमी दोऱ्याला बांधलेला, चार्ज केलेला पितळी गोळा हळूहळू आत सोडला. गोळा आत जाताना विद्युतदर्शीची पानं फाकत गेली. काही इंच खाली गेल्यावर फाकायची थांबली. त्यानंतर गोळा आणखी खाली नेला, तरी पानं जिथे होती तिथेच. मग गोळा बादलीच्या तळाला टेकवला. पानं तसूभरही हलली नाहीत. गोळा बाहेर काढला तर तो कोरा, चार्ज पूर्ण गेलेला.

बघा, या एका प्रयोगात वरचं सगळं आलं. बाहेर किती ते कळतं, कुठे ते कळत नाही. आणि टेकवल्यावरही पानं हलली नाहीत, याचा अर्थ आतल्या भिंतीवर जमलेला उलटा चार्ज गोळ्याच्या चार्जशी बरोब्बर जुळणारा होता. दोघांनी एकमेकांना मिटवलं आणि बाहेरच्याला पत्ता लागला नाही. एक समीकरण नाही, एक इंटिग्रल नाही. शिवाय या बादलीत नुसतं तत्त्वज्ञान नाही. आत टेकवलेला चार्ज सगळाच्या सगळा बाहेर जातो, बाहेर आधी कितीही साठलेला असला तरी. याच गोष्टीवर पुढे १९३० च्या आसपास व्हॅन डी ग्राफ यांचं लाखो व्होल्ट तयार करणारं यंत्र उभं राहिलं.

म्हणून माझा आग्रह असा की धडा इथून सुरू व्हावा. आधी बादली, मग 'असं का?' हा प्रश्न, आणि मग गाऊस. आज क्रम उलटा आहे. प्रॅक्टिकलच्या वहीत मीटर ब्रिज असतो, भिंग असतं, डायोड असतो. स्थिर विद्युतासाठी बहुतेक ठिकाणी फक्त खडू आणि फळा.

यावर शिक्षक मंडळी जे म्हणतात ते मला मान्य आहे. वेळ कुठे आहे? परीक्षेला सूत्र लागतं, बादली लागत नाही. आणि स्थिर विद्युताचे प्रयोग आपल्या हवेत फसतात. शेवटचा मुद्दा तर अगदी खरा. कोकणात जुलैमध्ये हा प्रयोग करायला जाल तर हवेतली ओल चार्ज कधी पळवून नेईल ते कळणारही नाही. पण पुण्या-नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दुपारी स्वेटर काढताना चटचट आवाज येतो की नाही? तोच मुहूर्त. प्रिस्टलीनेही डिसेंबरच गाठला होता. आणि वेळेचं म्हणाल तर प्रयोग पंधरा मिनिटांचा आहे. 'पोकळ = शून्य' हे भूत पुढे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापर्यंत उतरवत बसण्यापेक्षा पंधरा मिनिटं स्वस्त पडतात.

सामान घरातलंच आहे. स्टीलचा एक उभा, खोल डबा, झाकण काढून. तो ठेवायला कोरडा थर्मोकोलचा तुकडा. जॅमच्या रिकाम्या बाटलीच्या प्लॅस्टिकच्या झाकणातून एक जाड तार आत घाला. तारेच्या आतल्या टोकाला आकडा करून त्यावर पातळ ॲल्युमिनियम फॉइलच्या दोन अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी लोंबत्या सोडा. चॉकलेटवरची खरी चांदीही चालते, चकचकीत प्लॅस्टिक चालत नाही. झाला विद्युतदर्शी. तारेचं वरचं टोक डब्याला बाहेरून जोडा. आता प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या, त्याचं एकच टोक लोकरीच्या कापडावर जोरात घासा आणि डब्याला न लावता आत खोल धरा. पट्ट्या फाकतील. पाइप आतल्या आत इकडे-तिकडे हलवा. पट्ट्या हलणार नाहीत. पाइप बाहेर काढा, मिटतील. पुन्हा आत धरा आणि या वेळी डब्याला बाहेरून एकदा बोट लावा. पट्ट्या मिटतील, कारण तुमचं शरीरच अर्थिंग झालं. बोट काढा, मग पाइप काढा. आता पट्ट्या पुन्हा फाकतील! आत काही नाही, तरी फाकल्या. का, ते मी सांगत नाही. वर सगळं आलंय.

ही सगळी परीक्षेपुरती गोष्ट आहे असं वाटत असेल, तर शेवटी एक मुद्दा. वळवाच्या पावसात विदर्भ-मराठवाड्यात वीज पडून माणसं आणि गुरं दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. अशा वेळी काचा बंद केलेल्या, धातूच्या टपाच्या गाडीत बसणं पुष्कळ सुरक्षित, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण कारण विचारलं तर "टायर रबराचे असतात ना" असं ऐकू येतं. ढगातून काही किलोमीटर हवा फोडून आलेली वीज चार बोटं रबराला भीक घालत नाही. वाचवतो तो गाडीचा चारी बाजूंनी वेढणारा पत्रा. वीज म्हणजे काही स्थिर चार्ज नव्हे, पण तिचा प्रवाह त्या पत्र्याच्या बाहेरून जमिनीकडे जातो आणि आतला माणूस बहुधा बचावतो. रबरावर विश्वास ठेवणारा माणूस कापडी टपाच्या रिक्षात निर्धास्त बसतो. मोटरसायकललाही टायर असतातच. आणि 'धातू वाचवतो' एवढंच अर्धवट ऐकलेला माणूस शेतातल्या चारी बाजूंनी उघड्या पत्र्याच्या शेडखाली जाऊन उभा राहतो. चार खांब आणि वर पत्रा म्हणजे बंद डबा नव्हे. तिथेही अट होती, 'सगळीकडून वेढलेला' ही. तीही कुठल्या तरी वहीत गळून गेली.

विज्ञानातलं वाक्य अटीसकट एक असतं. अट काढली की उरतं ते अर्धं वाक्य नसतं, वेगळंच वाक्य असतं, आणि बऱ्याचदा खोटं असतं. मुलांच्या हातातला हायलायटर आपण काढून घेऊ शकत नाही. पण तो आधी 'जर' आणि 'तर' वर फिरवायला शिकवू शकतो. आणि येत्या थंडीत, स्वयंपाकघरातला एक स्टीलचा डबा अर्ध्या तासासाठी उसना मिळण्यासारखा असेल, तर त्याहूनही बरं.